आजोबांची दोनशे चौदा वाक्यं

दर रविवारी तुम्ही दोघं स्क्रीनवर आलात की आजोबा टॅबलेटवरचं एक बटण दाबतात आणि त्यांच्याच आवाजात तुमची हाक ऐकू येते. आधी धाकटीची, मग थोरल्याची, कारण थोरला दोनदा हाक मारल्याशिवाय येत नाही. त्या हाका गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, कायमच्या पुसल्या जायच्या बेतात होत्या. त्याला कारण मीच होते. तुमच्या बाबाला यातलं अर्धंच ठाऊक आहे. तुम्हाला सगळं सांगते, आणि क्रमाने सांगते, कारण क्रम सोडून काही करायची मला सवय नाही. त्या दिवशी ती सवयच नडली.

आजोबांच्या घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी सांगितलं. पुढे श्वास गळ्याला पाडलेल्या, जाळीने झाकलेल्या भोकातून घ्यायचा, आणि आवाज नाही. "बाकी सगळं पहिल्यासारखं," डॉक्टर म्हणाले. आजोबांनी विचारलं, "बाकी म्हणजे नक्की काय उरतं, डॉक्टरसाहेब?" दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत असल्यापासून ज्या माणसाने कुठल्याही कार्यक्रमात माइक दुसऱ्याच्या हाती लागू दिला नाही, त्याचा तो प्रश्न होता. मी त्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावरचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होते.

तुमच्या बाबाने तिकडून एक ॲप शोधून दिलं. टॅबलेटवर बटणं येतात, प्रत्येक बटणावर एक वाक्य. ऑपरेशनच्या आधी ते वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. नंतर बटण दाबलं की आपलाच आवाज वाजतो. ॲप फुकट होतं आणि ओपन सोर्स होतं. म्हणजे ते कसं चालतं हे ज्यात लिहिलेलं असतं तो मूळ मजकूर, सोर्स कोड, कुणालाही वाचायला खुला. "पण आई, ते वाचायची तुला गरज नाही," बाबा फोनवर म्हणाला. "तुम्ही फक्त रेकॉर्ड करा."

वाक्यांची यादी मी केली. दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयाच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं पुस्तकांची वर्गवारी आणि सूची केली, तेव्हा यादी करणं हे माझंच काम. जेवण, औषधं, आंघोळ, दार आणि फोन, बाहेरची माणसं, असे विभाग पाडले. गुडगावच्या या फ्लॅटच्या खिडक्या बंद, पंखा बंद, खिडक्यांवर जाड चादरी, आणि आजोबा रोज सकाळी डायनिंग टेबलाशी बसून बोलायचे. "चहात साखर कमी आहे." "गळ्याची जाळी बदल." "भैया, धनिया ताज़ा वाला देना." "बिल्कुल नहीं." माझी यादी संपल्यावर म्हणाले, "आता तू बाजारात जा. राहिलेली माझी खासगी आहेत." मी तीन दिवस उगाच बाजारात गेले. तुमच्या हाका त्यांनी तेव्हा रेकॉर्ड केल्या. एकूण दोनशे चौदा वाक्यं झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टॅबलेट मिटताना म्हणाले, "चलो, संपला स्टॉक. आता यातच भागवायचं."

आणि भागत होतं. घरी आल्यावर पंधरा दिवसांत त्यांची बोटं बटणांवर सराईतपणे फिरू लागली. यादीत नसलेलं ते छोट्या पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहीत. बाहेरची हवा इतकी खराब होती की खिडकी उघडायची सोय नव्हती. दिवसभर हवा शुद्ध करणारं यंत्र घुमायचं आणि त्यावर मधूनमधून आजोबांचा आवाज यायचा. स्वयंपाकघरात पाठमोरी असले की मला वाटायचं, काही झालंच नाही.

मंगळवारी सकाळी आजोबा आत वाफ घेत होते तेव्हा माझ्या मनात आलं, हा टॅबलेट पडला तर? या रेकॉर्डिंगची एक नक्कल लॅपटॉपवर हवी. विचार चांगलाच होता. टॅबलेट केबलने जोडला आणि त्यातला फोल्डर उघडला. दोनशे चौदा फाइली, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ. कशाचा कशाला पत्ता नाही. माझ्या अंगावर काटा आला. अशी नक्कल ठेवून उपयोग काय, उद्या सापडणार काय त्यात? ऑफिसात मी नव्या मुलींना सांगायचे, आधी वर्गवारी, मग शेल्फ. तेच केलं. आधी आवरायचं, मग नक्कल ठेवायची.

हेडफोन लावून एकेक वाक्य ऐकलं आणि एकेकीला नाव दिलं. जेवण ०१, जेवण ०२, औषधं ०१. दोन तास गेले. शेवटी शेवटी एकच वाक्य तीनदा आलं: "अगं, इकडे ये जरा." म्हटलं, सराव करताना जास्तीची राहून गेली असतील. तिन्ही पुन्हा ऐकली, सगळ्यात स्पष्ट होतं ते ठेवलं, दोन पुसली. टॅबलेटवरून केबलने पुसलेलं कचरापेटीतही जात नाही, हे मला नंतर कळलं.

आता नक्कल करणार, तेवढ्यात आजोबा बाहेर आले आणि हात पुढे करून टॅबलेट मागितला. मी केबल काढून दिला. त्यांनी ॲप उघडून चहाचं बटण दाबलं.

एक बाई बोलली. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगते तशी, हिंदी वळणाने मराठी वाचणारी यंत्रातली बाई. "चहा कर ना जरा."

आजोबांनी पाटी घेतली. "ही कोण?"

मी हसले. त्यांनी दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. बाईच. मग त्यांनी धाकटीच्या हाकेचं बटण दाबलं, आणि ती बाई आमच्या घरात, आजोबांच्या हातातून, धाकटीला तिच्या लाडक्या नावाने हाक मारू लागली. माझं हसू गेलं.

"काय केलंस?" पाटीवर आलं.

"काही नाही. फाइली जरा लावल्या."

त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. "माझा आवाज कुठल्या खणात ठेवलास?"

कुठलंही यंत्र बिघडलं की बंद करून चालू करायचं, एवढं मला येतं. ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा बाईच. ॲपला आता एकही रेकॉर्डिंग ओळखू येत नव्हतं. कुठलं बटण दाबलं की कुठली फाइल वाजवायची, हे ते त्या लांबलचक नावावरून ठरवत होतं, आणि ती नावं मी पुसून टाकली होती. नवं रेकॉर्डिंग करायला आता गळाच नव्हता.

"बाबाला फोन करू?" मी विचारलं.

"तिकडे रात्र. आणि तो ओरडेल," आजोबांनी लिहिलं. आणि खाली आणखी लिहिलं, "तीस वर्षं लोकांना शोधून दिलंस. शोध."

टॅबलेट त्यांच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि मी लॅपटॉपशी बसले. आधी ॲपचं मार्गदर्शक पुस्तक उघडलं, इंटरनेटवर असतं ते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. फाइलीचं नाव बदललं तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. उलट बाहेरच्या फाइली ॲपमध्ये घेता येत नाहीत, रेकॉर्डिंग ॲपमध्येच करावं लागतं, असं ठळक अक्षरांत होतं. एका वाक्याने मात्र धीर आला: तुमची रेकॉर्डिंग आम्ही कधीही काढून टाकत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

मग सोर्स कोड. जगभर लोकांनी खुल्या ठेवलेल्या अशा कामांचा मजकूर एका ठिकाणी शोधता येतो, अशी साइट आहे. वर एक चौकट, त्यात शब्द घालायचा. मी आवाज या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. हजारो ओळी आल्या, आमच्या ॲपच्याच नव्हे, कुठल्या कुठल्या प्रोग्रॅमच्या. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण ते लिहिणारी माणसं मधूनमधून साध्या इंग्रजीत शेरे लिहून ठेवतात, ही ओळ का लिहिली, इथे काय राहिलं आहे. सरकारी फाइलच्या समासातल्या टिपणीसारखंच. ते मला वाचता येत होतं. फक्त नेमका शेरा सापडत नव्हता. नाव बदलणं, हरवणं, दुरुस्ती, एकेक शब्द घालून पाहिला. जेवण झालं नाही. आजोबांनी स्वतः वरणभात गरम करून घेतला, आणि माझ्यासमोर एक वाटी आणून आवाज न करता ठेवली. तो आवाज न होणं मला फार लागलं.

अडीचच्या सुमाराला बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण. ती मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. पहाटेच्या पाळीला जाते, कंपनीची बस तिला कोपऱ्यावर सोडते, आणि तिची पार्सलं दिवसा आमच्याकडे येतात.

"आंटी जी, मेरा डिब्बा आया?" मग माझ्याकडे बघून, "क्या हुआ? अंकल ठीक हैं ना?"

मी दारातच सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिने कपाळाला हात लावला.

"आपने सारे ख़ानों के नंबर बदल दिए? आंटी जी, आप मेरे स्टोर में होतीं तो मैं आपको गेट के बाहर छोड़ के आती।"

"अच्छा, बाद में डाँट लेना. ये बताओ, तुम्हारे यहाँ ऐसा हो जाए तो पुर्ज़े का क्या होता है?"

"जिसका ख़ाना नहीं मिला, वो लाल डिब्बे में। तीन दिन पड़ा रहेगा। कोई लेने नहीं आया तो स्क्रैप।"

"सीधा स्क्रैप?"

"और क्या, आरती उतारेंगे उसकी? पर कोई ढंग का आदमी हो तो पहले पुर्ज़ा उलट के देखता है। नंबर उसके पेट पर ठुका रहता है। पर्ची गिर सकती है, पेट कहाँ जाएगा।"

ती पार्सल घेऊन गेली. मी दार लावून तिथेच उभी राहिले. तिच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मी शोधल्या नव्हत्या. या ॲपमध्येही लाल डबा असेल का? आणि आजोबांच्या वाक्यांच्या पोटावर नंबर असेल का?

माझ्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकले होते. वाचक ज्या शब्दाने पुस्तक मागतो, त्या शब्दाखाली ते सूचीत असेलच असं नाही. म्हणून आम्ही कार्डावर खाली लिहायचो, "हेही पाहा", आणि दुसरे शब्द द्यायचो. दुपारभर मी माझ्या शब्दांनी शोधत होते. लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरला असेल, असं मी स्वतःला विचारलंच नव्हतं. कागद घेतला आणि लाल डब्यासाठी इंग्रजीत जे जे शब्द सुचले ते एकाखाली एक लिहिले. न वापरलेलं, भटकं, उरलेलं. या वेळी फक्त आमच्या ॲपच्या मजकुरात शोधलं. पहिल्या तीन शब्दांना काही नाही. चौथा शब्द होता "ऑर्फन". अनाथ.

एकच ओळ आली. वर शेरा होता. ज्यांना कुठलंही बटण नाही अशी अनाथ रेकॉर्डिंग मोजा. ॲप तीनदा उघडूनही ती अनाथच राहिली, तर जागा मोकळी करण्यासाठी काढून टाका.

मी मार्गदर्शक पुस्तक पुन्हा उघडलं. कधीही काढून टाकत नाही, असं तिथे अजून लिहिलेलं होतं. कुणावर विश्वास ठेवायचा? मग पुस्तकाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक पाहिला. पहिल्याच दिवशी टॅबलेटवरच्या ॲपचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता. तो नवा होता. पुस्तक जुन्या आवृत्तीचं होतं, मागाहून कुणी ते सुधारलंच नव्हतं. टॅबलेटवरच्या आवृत्तीचा कोड काढला. लाल डब्याच्या ओळी त्यात होत्या.

तीनदा उघडल्यावर. मी बोटांवर मोजलं. आजोबांनी चहासाठी उघडलं, एकदा. मी बंद करून चालू केलं, ते दुसऱ्यांदा.

आतल्या खोलीतून टॅबलेट जागा होतो तेव्हाची किणकिण ऐकू आली.

"अहो!" मी ओरडले. खुर्ची मागे पडली. "हात लावू नका! उघडू नका, उघडू नका!"

खोलीत पोचले तेव्हा आजोबा पलंगावर बसले होते, टॅबलेट मांडीवर, पडदा उजळलेला, आणि बोट ॲपच्या चित्रावर टेकायला एक वीतभर अंतर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. मी टॅबलेट ओढून घेतला. तो छातीशी धरून तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी पाटी शोधली. "दुरुस्त झालं का बघत होतो."

"अजून एकदा उघडलं असतं तर सगळं गेलं असतं," मी म्हणाले. "तुमचं सगळं."

त्यांनी पाटी खाली ठेवली. गळ्यावरची जाळी जोराने आत-बाहेर होत होती.

त्या क्षणी मी ते केलं जे सकाळीच करायला हवं होतं. केबल जोडून सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवल्या. दोनशे बारा. लॅपटॉपवर पाच-सहा वाजवून पाहिल्या. दोन महिन्यांपूर्वीचे आजोबा म्हणाले, "भैया, धनिया ताज़ा वाला देना," आणि आताचे आजोबा माझ्या शेजारी बसून ते ऐकत होते.

आवाज वाचला, पण बटणांत परत जात नव्हता. आता पोटावरचा नंबर. ॲपच्या कोडमध्ये रेकॉर्डिंग कसं होतं ते शोधलं, तर कळलं की रेकॉर्डिंगचं काम ते स्वतः करतच नाही. त्यासाठी दुसऱ्याच कुणी लिहिलेला एक खुला भाग उसना घेतलेला आहे. मग त्या दुसऱ्या प्रकल्पात गेले. तिथे शेरा होता, चार शब्दांचा, आणि मी तो वाचून आजोबांच्या मांडीवर थाप मारली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, फाइलच्या आत, तिचा मूळ नंबर लिहिला जात होता. बाहेरचं नाव काहीही असो. पोट कुठे जाणार?

पण तो नंबर वाचून घ्या, हे ॲपला सांगायचं कसं? हेही पाहा. हा उसना भाग आणखी कोण कोण वापरतं, ते मी सगळ्या प्रकल्पांत शोधलं. बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी केलेला एक प्रोग्रॅम निघाला, आणि त्याचं मार्गदर्शक पुस्तक कुणीतरी जीव लावून लिहिलं होतं. त्यात एक अख्खं पान होतं: बटणं आणि रेकॉर्डिंग यांची ताटातूट झाली तर. माहितीच्या पानावर जा, आवृत्तीच्या क्रमांकावर बोट दहा सेकंद दाबून धरा, नव्याने जुळवणी करा हा पर्याय येईल. तोच पर्याय आमच्या ॲपमध्ये आहे का? त्यांचा शब्द घेऊन आमच्या कोडमध्ये शोधला. होता. वर शेरा होता, "पुस्तकात नंतर लिहू." अशा टिपण्या मी ऑफिसात खूप पाहिल्या आहेत. ते नंतर कधी येत नाही.

आता एकच अडचण. तो पर्याय मिळवायला ॲप उघडायला हवं होतं, आणि ते उघडणं तिसरं. उघडल्या उघडल्या लाल डबा रिकामा होणार. कोड पुन्हा वाचला. सफाई फक्त उघडताना होते, नंतर नाही. ग्रंथालयात वाळवीचं औषध मारायच्या दिवशी आम्ही पुस्तकं बाहेर काढून ठेवायचो, फवारणी झाली की पुन्हा आत. तसंच करायचं. टॅबलेटमधली सगळी रेकॉर्डिंग आपणच काढून टाकायची, रिकामं ॲप उघडायचं, मग ते चालू असतानाच नक्कल आत ठेवून जुळवणी करायची.

म्हणजे मूळ आवाज माझ्या हाताने पुसायचा. सकाळी ज्या हाताने घोळ घातला त्याच हाताने. लॅपटॉपवरची नक्कल चांगली आहे, हे मला दिसत होतं, तरी बोट हलेना.

"बाबा उठेपर्यंत थांबू या का?" मी विचारलं. "त्याला येतं यातलं."

आजोबांनी पाटीवर लिहिलं, "तुलाही येतं." आणि खाली, मोठ्या अक्षरांत, "कर."

पुसलं. फोल्डर रिकामा. ॲप उघडलं, तिसऱ्यांदा. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली आणि थांबली. केबलने दोनशे बारा फाइली परत आत ठेवल्या. माहितीच्या पानावर जाऊन आवृत्तीच्या क्रमांकावर बोट ठेवलं. आजोबा बोटांनी दहा मोजत होते. नवव्या बोटाला पर्याय आला. दाबला.

बराच वेळ काही नाही. हवेचं यंत्र तेवढं घुमत होतं. मग एक ओळ आली: दोनशे बारा जुळली, दोन सापडली नाहीत.

आजोबांनी धाकटीच्या हाकेचं बटण दाबलं, आणि आजोबांनीच हाक मारली. मग थोरल्याची. मग चहात साखर कमी आहे, मग बिल्कुल नहीं, मग एका दमात दहा-बारा बटणं, नुसता गोंगाट. मी पदराने चष्मा पुसत होते. ते थांबले तेव्हा मला वाटलं, दमले. पण ते शेवटच्या पानावर गेले होते. ते त्यांचं खासगी पान. मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

त्या पानावर ओळीने तीन बटणं होती. लाल, निळं, हिरवं. तिन्हींवर एकच वाक्य: अगं, इकडे ये जरा. त्यांनी निळं दाबलं, आजोबा बोलले. लाल दाबलं, ती बाई. हिरवं, ती बाई.

पंधरा दिवस ते मला हाका मारत होते आणि मी जात होते. हाका तीन प्रकारच्या आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माणूस हाक मारतो तेव्हा आपण ती मोजत थोडंच बसतो. आणि हेडफोन लावून, एकामागून एक, शब्द तपासत ऐकल्या तर त्या मला एकसारख्या वाटल्या.

"लाल कुठलं होतं?" मी विचारलं.

"चिडल्यावरचं."

"आणि हिरवं?"

आजोबांनी पाटी पुसली, मार्करचं टोपण लावलं, काढलं. मग लिहिलं, "उगाच हाक मारायचं."

मी म्हणाले, बाबाला विचारते, पुसलेलं परत आणायची काही सोय असते. त्यांनी मान हलवली. "कामाचं राहिलं. चालेल." मग माझी पडलेली खुर्ची त्यांनी जाऊन उचलून ठेवली.

बाबाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. पुसलेल्या दोन फाइली त्यालाही मिळाल्या नाहीत. बाकीची गोष्ट ऐकून तो एवढंच म्हणाला, "आई, तू सोर्स कोड वाचलास?" मी म्हटलं, "टिपण्या वाचल्या. कोड तुमचा तुम्ही वाचा." त्याच आठवड्यात मी ॲप बनवणाऱ्यांना इंग्रजीत एक पान लिहून पाठवलं: फाइलींची नावं बदलू नका, आधी नक्कल ठेवा, तीनदा उघडल्यावर काय होतं, आणि जुळवणी कशी करायची. त्यांनी ते पुस्तकात घातलं. तुम्हाला ते वाचायला मिळेल, पण खाली माझं नाव नाही. त्यात एक वाक्य त्यांना विचित्र वाटलं म्हणून त्यांनी मला विचारलं, ते ठेवायचं का? मी ठेवा म्हणाले. एकसारखं ऐकू येणारं रेकॉर्डिंग जास्तीचं समजू नका. ज्याचा आवाज आहे त्याला विचारा.

लाल आणि हिरवं ही दोन्ही बटणं मी आता निळ्याच्या आवाजाला जोडून दिली आहेत, त्या बाईपेक्षा ते बरं. रंग मात्र आजोबांनी तसेच ठेवायला सांगितले. ते अजूनही विचार करून रंग निवडतात, आणि दुसऱ्या खोलीत मला तिन्ही वेळा तीच एक हाक ऐकू येते. रंग मला दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी उठते. परवा तुमच्याशी बोलताना मध्येच उठून गेले, आणि थोरल्याने विचारलं, "आजी, आजोबांना काय हवं होतं?" मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं. मी आत गेले तेव्हा त्यांचं बोट अजून हिरव्या बटणावर होतं.